चार चलनांतले एकवीस

सर्व आरंभांचा अधिपती जो श्रीगजानन, त्याच्या चरणी मस्तक ठेवून लिहावयास बसलो आहे. आज हरितालिका, उद्या जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या या घरी श्रींची स्थापना. सूनबाईच्या दुकानातले पूजासंच ज्याच्या त्याच्या घरी पोचले आहेत, हात मोकळे आहेत, म्हणून चार वर्षांपूर्वी याच दिवसांत माझ्या हातून झालेली चूक लिहून ठेवतो.

दुकान म्हणजे संगणकावरचे. सूनबाई पुण्यात औषधशास्त्र शिकलेली. मुलगा इथे मोटारींच्या कारखान्यात अभियंता. त्याच्याबरोबर ती आली, परंतु इथल्या औषधालयात काम करण्यास तिची पदवी मान्य होईना. तीन वर्षे तिने भाषेचे वर्ग केले आणि मग एके दिवशी राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन व्यवसायाची नोंद केली. या नोंदीस इथे गेवेर्बे म्हणतात. तो कागद तिने घरी आणून प्रथम देवापुढे ठेवला. या देशात केवळ तिच्या नावाचा असा तो पहिला कागद होता.

ती गणेशपूजेचा संच विकत असे. त्यात वाती, कापसाची वस्त्रे, जानवे, अष्टगंध, सुपाऱ्या आणि एक सीडी. सीडीवर मी सावकाश पूजा सांगितलेली आहे. कोठे थांबावे, केव्हा पळीभर पाणी सोडावे, सर्व त्यात येते. वाती आणि वस्त्रे मी वळत असे. किंमत एकवीस युरो, तीही माझ्याच सांगण्यावरून. पहिले वर्ष तोट्यात गेले. दुसऱ्या वर्षी खोक्यांना चिकटपट्टी लावताना ती म्हणाली, "या गणपतीत दुकान उभे राहिले नाही, बाबा, तर मी गेवेर्बे रद्द करून येते." स्वर शांत होता, परंतु हे तिच्यासाठी किती मोठे बोलणे आहे, ते मला समजत होते.

त्याच सुमारास लंडन, झुरिक, स्टॉकहोम येथून विचारणा येऊ लागल्या. पौंडात किती होतील, फ्रँकमध्ये किती? उत्तर पाठवले की बहुतेक गप्प होत. सूनबाईचे मत पडले की सर्वांचीच चलने घ्यावीत. जेवताना तिने विषय काढला.

मुलगा म्हणाला, "आल्झो, हे बघ, दर रोज बदलतो. बँक पैसे बदलून देताना कापते, परत करायची वेळ आली की पुन्हा कापते. युरोच ठेव. ज्याला हवे तो हिशेब करील."

"तुमच्या कारखान्याच्या गाड्या अमेरिकेत युरोत विकतात का रे?" सूनबाईने विचारले.

"गाडीत आणि वातीत काही फरक आहे की नाही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. वाती मी विकते."

तो हसला आणि त्याने आमटी वाढून घेतली. चलने घ्यायची ठरली.

पुढच्या आठवड्यात तिची जर्मनची परीक्षा श्टुटगार्टला होती. दोन दिवस ती तेथेच होती. जाताना तिने मला एक चिठ्ठी दिली. पौंड १४.३५, फ्रँक ३२.८०, क्रोनर १९५. "एवढे तीन आकडे तक्त्यात घाला, बाबा. माझी गाडी चुकेल." दुकानातल्या किमतींचा तक्ता संगणकावर कसा उघडावा हे तिने मला आधीच शिकवले होते.

चिठ्ठी पाहून माझे मन प्रसन्न होईना. चाळीस वर्षे मी पाठशाळेत शिकवले आणि घरोघरी पूजा सांगितल्या. दक्षिणेच्या शेवटी एक असावा, शून्यावर देणे थांबू नये, ही रीत माझ्या हाडीमासी भिनलेली. शिवाय यजमान आपापल्या देशाचे नाणे ठेवतो, असाच माझा अनुभव. जो गृहस्थ पुण्यात एकवीस रुपये ठेवीत असे, त्यानेच इंगोलश्टाटला मुलाच्या घरी मला एकवीस युरो दिले. त्याने दर विचारला नाही, मीही नाही. यावरून मी असा सिद्धांत बांधला की एकवीस हे कोणत्याही नाण्यात एकवीसच. चिठ्ठी बाजूस ठेवली आणि चारही रकान्यांत एकवीस भरले. सूनबाई परत आल्यावर तिला बरे वाटेल, असेही मनात होते. दक्षिणा देणारा ठरवतो आणि किंमत विकणारा, एवढा साधा भेद मला त्या वेळी सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनहून एका गृहस्थांचा फोन आला.

"काका, तुमच्याकडे युरोतही एकवीस आणि पौंडातही एकवीस. हे कसे काय?"

"शुभ अंक आहे तो," मी सांगितले.

"शुभ कोणाला, काका?"

दुपारी सूनबाई परतली तेव्हा मी तिला घडले तसे सांगितले. अंगातला कोट न काढताच ती संगणकापुढे बसली. लंडनच्या सात जणांनी जास्त पैसे भरले होते. त्याखाली स्टॉकहोमच्या मंडळाची मागणी होती. तीस संच, प्रत्येकी एकवीस क्रोनर, रक्कम जमा.

"एकवीस क्रोनर म्हणजे सव्वादोन युरो, बाबा," ती म्हणाली. "नुसत्या टपालालाच याहून जास्त लागतात."

ती मला बोलली असती तर बरे वाटले असते. तीस संच त्या किमतीत गेले, तर राटहाउसची फेरी निश्चित होती, हे आम्हां दोघांनाही दिसत होते.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "किंमत चुकली आहे, रद्द कर. कोणीही समजून घेईल." मी म्हणालो, "शब्द दिला तो दिला. वाती मी आणखी वळीन."

"तुमच्या वातींचा प्रश्न नाही, बाबा. आधी लंडन," असे म्हणून सूनबाईने सातही जणांचे जास्तीचे पैसे परत पाठवले आणि फोन माझ्यापुढे ठेवला. "स्टॉकहोमशी तुम्ही बोला. आकडा तुम्ही घातला."

ते न्यायाचे होते. मंडळाच्या चिटणीस बाईंना मी माझी चूक सांगितली, खरी किंमत सांगितली आणि म्हणालो की त्यांनी आग्रह धरल्यास आम्ही तीसही पाठवू. हे शेवटचे मी कोणास विचारून बोललो नव्हतो.

"अय्या! आम्हाला वाटले गणपतीची सवलत आहे," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "स्वस्त म्हणून घरटी एक मागवला हो, काका. एकशे पंचाण्णवला कोण घेणार तीस? ते पैसे परत पाठवा आणि चार द्या. एक मंडळाला, तीन ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांना. बाकीचे मंडळात येऊन पूजा ऐकतील."

पैसे परत करताना बँकेने दोन्ही वेळा कापले. मुलाने ते पाहिले, परंतु आपले आधीचे बोलणे उगाळले नाही, ही त्याची सभ्यता.

अनंत चतुर्दशीनंतर सूनबाई वही घेऊन बसली. निम्म्याहून थोड्या कमी मागण्या लंडनच्या होत्या, झुरिकच्या दोन, स्टॉकहोमच्या चार. तिने युरो आणि पौंड ही दोन चलने ठेवली. पौंडाची किंमत महिन्यातून एकदा तपासायची आणि पूर्णांकात ठेवायची. फ्रँक आणि क्रोनर केवळ समजण्यापुरते, अंदाजे म्हणून खाली लिहायचे. पैसे मात्र युरोत. पौंडापुढे तिने पंधरा लिहिले. मी वाकून तो आकडा पाहिला.

"बाबा, पूजा तुम्ही सांगा," ती वहीवरून मान वर न करता म्हणाली, "आकडे मी बघते."

सर्व खर्च वजा जाता हाती फार राहिले नाही, परंतु तोटा नव्हता. ती राटहाउसला गेली नाही. गेवेर्बे आजही तिच्याच नावावर आहे.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरी अन्न, आरोग्य आणि सद्बुद्धी नित्य वसो. तुझ्या घरच्या लेकीसुना जे काम हाती घेतील त्यास मंगलमूर्ती यश देवो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना वेळीच विचारून घेण्याची सुबुद्धी देवो. शुभं भवतु.