पाहणीच्या दिवशीची गरिबी

घरपट्टीत सूट आहे असं कळलं की आमच्या नाशिकचा माणूस घर बघायच्या आधीच पसंत करून मोकळा होतो. आम्हीही तसेच झालो. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला एक नवी इमारत उभी राहत होती. बिल्डर म्हणाला, "काकू, या इमारतीला पुढची बरीच वर्षं घरपट्टी नावापुरतीच भरायची." आमच्या ह्यांनी लगेच विचारलं, "का? पाणी येत नाही का?" कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला फुकटातलं सुख पचत नाही.

पाणी येत होतं. सूट वेगळ्याच कारणासाठी होती. इमारतीतले काही लहान फ्लॅट कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडेल अशा किमतीत द्यायचे. तेही मागे कुठेतरी वेगळ्या इमारतीत नाही, तर आमच्याच मजल्यांवर, आमच्या दाराशेजारी, त्याच फाटकातून आणि त्याच लिफ्टनं. याच्या बदल्यात महापालिका अख्ख्या इमारतीची बरीचशी घरपट्टी माफ करणार होती. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर डोंगर आणि सपाटी शेजारी शेजारी असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, हे मला पाठ होतं. मला ती कल्पनाच आवडली. काही जणांना सूट आवडली आणि कल्पना त्यांनी सवलतीसोबत पदरात पाडून घेतली.

आमच्या मजल्यावर तीन घरं. एक आमचं, एक सोसायटीच्या अध्यक्षांचं आणि मध्ये एक लहान फ्लॅट. अध्यक्षांचा फरशांचा धंदा. मनानं मोठा माणूस, फक्त आपलं मन मोठं आहे हे आठवड्यातून एकदा तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मधल्या फ्लॅटमध्ये पेठ तालुक्याकडची एक बाई कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला घेऊन राहायला आली. नवरा गेलेला. सकाळ-संध्याकाळ एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची आणि मधल्या वेळात नागलीचे पापड करून विकायची.

आली त्या दिवशी ती किती तरी वेळ आपलं दार उघडत होती आणि लावत होती. मला वाटलं बिजागरी कुरकुरते आहे. तेलाची बाटली घेऊन गेले तर हसली आणि म्हणाली, "नाय काकू, दार चांगलं हाय. आतून कडी लावून बघते, कसं वाटतं ते." तोवरचा सगळा जन्म तिनं भाड्याच्या खोल्यांत काढला होता. मालकाच्या मनात आलं की बोचकं बांधायचं आणि पुढची खोली शोधायची. मुलीच्या तर शाळाही त्या खोल्यांच्या मागे मागे बदलल्या होत्या. आता तिला कुणी उठवणार नव्हतं. मात्र एक अट होती. फ्लॅट खरोखरच गरजू कुटुंबाकडे आहे की नाही हे महापालिका अधूनमधून बघणार, आणि तसं नाही असं दिसलं तर काढून घेणार. ही अट तिला तोंडपाठ होती. आमच्यापैकी कुणी ती वाचण्याच्या भानगडीत पडलं नव्हतं. आम्ही सवलतीचा आकडा वाचला आणि सह्या केल्या.

मग एका उन्हाळ्यात, होस्टेलची मेस सुट्टीत बंद असताना, व्हॉट्सॲपवर अध्यक्षांचा निरोप आला: शनिवारी सकाळी महापालिकेची पाहणी आहे.

पाहणी हा शब्द ऐकला की आमची पिढी आधी घरातलं सामान झाकायला धावते. आमच्या लहानपणी घरपट्टीवाला गल्लीत शिरला की आधी पोरं ओरडत यायची. माझ्या वडिलांनी नव्यानं बसवलेल्या फरशीवर पोती अंथरून त्यावर कांदे पसरले होते, आणि आईनं नव्या पंख्याला जुनं धोतर गुंडाळलं होतं. घर जितकं दरिद्री दिसेल तितकी घरपट्टी कमी, हे शास्त्र आम्ही दुधाबरोबर प्यायलो होतो. हल्ली घरपट्टी क्षेत्रफळावर ठरते, घरातल्या पंख्यावर नाही. पण सवयीला कोण समजावणार?

अध्यक्षांनी जिन्यातच बैठक घेतली. त्यांचं म्हणणं असं, की सूट मिळते ती इथे साधी माणसं राहतात म्हणून. तेव्हा आपण साधं दिसलं पाहिजे. हे म्हणताना त्यांच्या मनगटावर जे घड्याळ होतं त्यात एखादी स्कूटर आली असती.

"पण सामानाचं काय करायचं?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

"मधल्या घरात ठेवू," अध्यक्ष म्हणाले. "तिच्याकडे कोण कशाला बघायला जातंय!"

आणि खरं सांगते, हे वाक्य कुणालाही खटकलं नाही. मलाही नाही. पाहणी व्हायची ती आमचीच, एवढी आमची आमच्या श्रीमंतीवर श्रद्धा होती.

शुक्रवारी संध्याकाळी सामान निघालं. अध्यक्षांकडून भिंतीएवढा टीव्ही आला, कॉफीचं यंत्र आलं, आणि आफ्रिकेच्या सहलीहून आणलेला माणसाएवढा लाकडी जिराफ आला. आमच्याकडून ह्यांची मसाजची खुर्ची गेली. ही खुर्ची मुलानं निवृत्तीची भेट म्हणून दिलेली. ती सुरू केली की खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं आम्ही मिक्सर लावलाय. ती दारातून आत जाईना, तेव्हा ह्यांनी तिला आडवं केलं, उभं केलं, आणि शेवटी चार शब्द ऐकवले. तेव्हा कुठे ती गेली.

मधल्या घरातली आमची शेजारीण पापडांच्या पिठाची चाळणी हातात घेऊन एका कोपऱ्यात सरकली होती. तिच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नव्हती. जिराफ देवाच्या फोटोकडे तोंड करून उभा होता.

"काय झालं, काकू?" तिनं हळूच विचारलं.

"काही नाही गं. महापालिकेची माणसं येणार आहेत. उद्याचा दिवस राहू दे. आणि कुणाचं काय आहे ते कुणाला सांगू नकोस हं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग गंभीर होऊन म्हणाली, "नाय सांगत. ठेवा तुम्ही. जागा हाय लय."

शनिवारची सकाळ म्हणजे वेषांतराची स्पर्धा होती. अध्यक्ष विटलेला बनियन घालून फिरत होते. तो त्यांनी ड्रायव्हरकडून मागून आणला होता असा मला अजून संशय आहे. त्यांच्या बायकोनं हातातल्या बांगड्या काढून काचेच्या घातल्या होत्या आणि त्या घट्ट होत असल्यामुळे तिचा चेहरा खरोखरच गरिबीनं पिचलेला दिसत होता. मी भोकाचा गाऊन घातला. आमचे हे होते तसेच राहिले, कारण ह्यांचे रोजचे कपडे पाहणीला चालण्यासारखेच असतात. गाड्या सगळ्यांनी कॉलेज रोडला नेऊन लावल्या होत्या.

शेजारीण मात्र ठेवणीतलं जरीकाठाचं लुगडं नेसली होती. दारात छोटीशी रांगोळी काढली होती. सरकारी माणूस दारात येणार म्हणजे पाहुणाच येणार, असं तिचं साधं गणित.

लिफ्टमधून एक तरुण अधिकारी बाई उतरल्या. हातात टॅब, चेहऱ्यावर कंटाळा. त्यांनी आमच्या फाटक्या वेषांकडे पाहिलंसुद्धा नाही. "लहान फ्लॅट कुठला?" असं विचारलं आणि त्या सरळ मधल्या दाराकडे वळल्या.

अध्यक्षांचा चेहरा त्यांच्या बनियनच्या रंगाचा झाला.

दार उघडलं. अधिकारी बाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी टीव्ही पाहिला, कॉफीचं यंत्र पाहिलं, खुर्ची पाहिली, आणि जिराफाकडे तर जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हे सगळं तुमचं?"

शेजारणीनं मान वळवून आमच्याकडे बघितलं. आम्ही अधिकारी बाईंच्या मागे उभे होतो, चौघंही. मग ती अधिकारी बाईंकडे वळली. "हाव. माझंच हाय."

"बाई, नीट सांगा. हा फ्लॅट कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी आहे. खाली एका घरात तीन फ्रीज बघून आलेय मी. हे असे फ्लॅट पैसेवाल्यांनी दुसऱ्याच्या नावावर घेतलेले निघतात. तुमचंच सामान आहे असं मी लिहिलं, तर हे घर तुमच्याकडे राहणार नाही. कळतंय का?"

"कळतंय," ती म्हणाली. तिचा हात चौकटीवर होता. "लिव्हा तुम्ही."

आतून तिची मुलगी "आई!" म्हणाली.

मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष छताकडे बघत होते. त्यांच्या बायकोनं पदर तोंडात धरला होता. मला राग लवकर येतो, पण त्या दिवशी तो कुणावर काढायचा हेच कळेना, कारण ओळीत मीही उभी होते आणि माझंही तोंड उघडत नव्हतं. एवढ्या सगळ्या इमारतीची सूट गेली तर लोक काय म्हणतील, असलं काहीतरी डोक्यात घोळत होतं. अधिकारी बाईंनी टॅबवर बोट ठेवलं.

तेवढ्यात खोलीत मोठी घरघर सुरू झाली. मसाजची खुर्ची जागच्या जागी थरथरायला लागली. तिच्या धक्क्यानं जिराफ डुलायला लागला. अधिकारी बाई दचकून दोन पावलं मागे आल्या.

मी वळून पाहिलं. आमच्या ह्यांनी खिशातून रिमोट काढून समोर धरला होता. हा माणूस भांडणात कधी माझ्या आधी बोललेला नाही.

"खुर्ची आमची आहे," हे म्हणाले. "माझ्या पाठीसाठी. काल आम्हीच आणून ठेवली. या बाईंचा यातल्या कशाशी काही संबंध नाही."

आता मात्र माझं तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर ते कुणाच्या बापाला आवरत नाही. "अहो अध्यक्ष, छत काय बघताय? जिराफ उचला तुमचा!"

अध्यक्ष पुढे आले. आधी टीव्ही कबूल केला, मग कॉफीचं यंत्र, आणि जिराफाजवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "हाही आमचाच, मॅडम." त्यांच्या बायकोला रडू फुटलं. ते पश्चात्तापाचं होतं की बांगड्यांचं, हे मी विचारलं नाही.

अधिकारी बाईंनी टॅब बाजूला ठेवला. त्या आधी कशाबशा गंभीर राहिल्या, मग हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना बसावं लागलं. बसल्या त्या नेमक्या थरथरत्या खुर्चीत, त्यामुळे पुढचं सगळं त्या तशाच हलत हलत बोलल्या. "तुमच्याकडे काय आहे नि काय नाही याच्याशी मला देणंघेणंच नाही. तुम्ही सोन्याचा जिराफ ठेवा. मी फक्त एवढंच बघायला आलेय, की या ताई इथं राहतात की नाही. त्या राहतात म्हणून तुम्हाला सूट आहे. त्या गेल्या असत्या, तर तुमचीही गेली असती." मग त्यांना खालचे तीन फ्रीज आठवले आणि पुन्हा हसू आलं. जाताना त्यांनी शेजारणीला नीट सांगितलं की घर तुमचंच आहे, घाबरू नका.

दुपारपर्यंत सामान परत गेलं. खुर्ची पुन्हा दारात अडकली, पण ह्यांनी या वेळी तिला एकही शब्द ऐकवला नाही. मी मात्र शेजारणीकडेच थांबले. ती केर काढत होती. मला राहवेना.

"तुला अक्कल आहे का गं?" मी म्हटलं. "माझंच हाय म्हणे! घर गेलं असतं ना हातचं! अट ठाऊक होती ना तुला?"

"ठाऊक व्हती की."

"मग?"

तिनं केरसुणी खाली ठेवली. "मला वाटलं, तुमच्यावर जप्ती आली. आमच्या वस्तीत जप्तीवाले यायचे तवा माणसं असंच सामान शेजारी नेऊन टाकायची. आन कुणाचं हाय ते सांगायचं नसतं. तुम्ही समदे तर काल तोंड लपवून सामान आणत व्हता, सकाळी अंगावर धड कापडबी नव्हती. मला रातभर झोप नाय, काकू. म्हटलं, एवढी चांगली माणसं, आन यांच्यावर ही काय पाळी आली."

"अगं, पण तुझं घर?"

"मला काय, सवय हाय घर सोडायची," ती म्हणाली. "तुम्ही दोघं म्हातारी माणसं. तुम्हाला कुठं जमलं असतं?"

मी तिला खूप रागावले. इतकी रागावले की तिची मुलगी आतून पाणी घेऊन आली. मग माझा आवाज बसला, आणि गाऊनला पदर नसल्यामुळे मी तिच्या जरीकाठाच्या पदरानं डोळे पुसले.