अर्ध्या बैठकीचा पूर्ण भत्ता

चादरीचं एक टोक सुनेच्या हातात, दुसरं दाईबाईंच्या. पीळ निम्मा बसला होता, तेवढ्यात फोन वाजला. सुनेनं ओल्या हातानंच मेसेज वाचला.

"आई, बैठकीचा भत्ता जमा झाला! नुसतं बसायचे पैसे मिळणाऱ्या आपल्या घरात तुम्ही एकट्याच!"

दाईबाई हसल्या नाहीत. जन्मभर त्यांनी बाळंतपणं केली, म्हणून सरकारनं त्यांना बालकल्याण सल्लागार समितीवर घेतलं. सभासद पाच, निर्णयाला निदान तिघं लागतात. गेल्या बैठकीला आले तिघंच: अध्यक्ष वकीलसाहेब, मास्तर आणि त्या. शेवटचा विषय दोन भावंडांचा होता. बहीण एका बालगृहात, धाकटा भाऊ दुसऱ्यात. त्यांना एकत्र ठेवायला समितीची शिफारस हवी होती. पण दाईबाईंच्या लेकीचे सासू-सासरे घरी यायचे होते. हजेरीची सही झालेलीच होती. 'माझ्यावाचून काय अडतंय?' म्हणून दाईबाई मधूनच उठल्या. मागे उरले दोघं. विषय गेला पुढच्या महिन्यावर.

काल बालगृहाच्या बाई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "पोरीनं कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलंय. सोडायला तयारच नाही."

तेव्हापासून दाईबाईंनी देवापुढे हात जोडले, तरी डोळे मिटवेनात.

"परत करते पैसे," त्या म्हणाल्या.

"सगळेच मधून उठतात, आई. वकीलसाहेब तर चहा आला की बसतात आणि संपला की उठतात!"

"त्यांचं देव त्यांना विचारेल. मला माझं विचारणार आहे. आणि पैसे परत केले म्हणून ती पोरं थोडीच एकत्र येणार?"

त्यांनी मास्तरांना फोन लावला. "मास्तर, तिघं जमलो तर मधल्या दिवशीही बसता येतं ना?"

"येतं की. पण भत्ता महिन्यातून एकदाच. या खेपेला फुकट बसावं लागेल."

"बसाल?"

"तुम्ही मधून उठणार नसाल तर बसतो," मास्तर म्हणाले.

बोलणं वर्मी लागलं. "नाही उठणार," एवढंच त्या म्हणाल्या.

वकीलसाहेब मात्र फोन उचलेनात. एकदा झालं, दोनदा झालं. दाईबाईंनी पायांत चपला सरकवल्या.

"ऊन बघा बाहेर! कुठं निघालात?"

"वकीलसाहेबांच्या घरी. बैठकीचा दिवस मागायला."