बहनजींचा हलफनामा

बहनजी कुणाचंही लिखाण त्यालाच मोठ्यांदा वाचून दाखवत, आणि तेही गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तशा कोरड्या सुरात. त्या सुरात स्वतःची वाक्यं ऐकताना भल्याभल्यांना घाम फुटे. दतिया गेटापाशी त्या आमच्या शेजारी राहत. घर मराठी, पण मुलींच्या शाळेत शिकवण्यात उभा जन्म गेल्यामुळे सगळी झाशी त्यांना बहनजी म्हणे, म्हणून आम्हीही. कोर्ट-कचहरीत द्यायचा कागद आधी त्यांना दाखवायचा, अशी आमच्या मोजक्या मराठी घरांची रीतच होती.

माझ्यावर ती वेळ आली धाकट्या भावामुळे. मानिक चौकातल्या माझ्या दुकानासमोर मधूची हल्के नावाच्या हमालाशी बाचाबाची झाली आणि मधूने तराजूची दांडी त्याच्या हातावर घातली. हात कायमचा अधू झाला. मधू दोषी ठरला. शिक्षा तेवढी सुनावायची राहिली होती. वकील म्हणाला, घरच्यांनी हलफनामे, म्हणजे शपथेवर लिहिलेले जबाब, द्या, जजसाहेब कदाचित चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतील. आईने अन्न टाकलं होतं.

हातगाडीवर भांडी विकून मी दुकान उभं केलंय. बोलण्यात मला कुणी हरवत नाही. झकास हिंदीत कागद लिहून नेला.

"मराठीत लिहून आण," बहनजी म्हणाल्या. "हिंदी मी करून देईन."

"का? माझी हिंदी वाईट आहे?"

"फार चांगली आहे. तिच्यात तू गिऱ्हाईक पटवतोस."

मराठीत लिहून नेलं. त्यांनी वाचायला घेतलं. "आमचे पूर्वज सुभेदारांबरोबर झाशीस आले..." चष्म्यावरून पाहिलं. "शिक्षा पूर्वजांना होणार आहे का रे?"

मी दात-ओठ खात ती ओळ खोडली.

"मधू गायीसारखा गरीब आहे," त्यांनी पुढे वाचलं. "मग दांडी कुणी मारली? गायीने?"

मी भडकलो. तुमचा भाऊ असता तर कळलं असतं, वगैरे नाही नाही ते बोललो. त्यांनी माझा आवाज बसेपर्यंत वाट पाहिली.

"झालं? आता सांग, यात त्या हमालाचं नाव कुठे आहे?"

शेवटी मी सौदा केला. हल्केचं नाव घालतो, त्याच्या हाताबद्दल दोन शब्द लिहितो. पण बहनजी, तुम्हीही स्वतःचा हलफनामा द्यायचा. मधू लहानपणी त्यांच्या घरीच शिकवणीला जायचा. त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"देईन," त्या म्हणाल्या. "पण तो मी आधी कुणाला दाखवणार नाही."

निकालाच्या दिवशी जजसाहेबांनी नेमका बहनजींचाच हलफनामा उचलून वाचला. "मधू को मैंने बचपन में भी हाथ उठाते देखा है, और बाद में कोने में बैठकर रोते भी।" मला वाटलं, उठून तो कागद फाडावा. मधूला दोन वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर वकील म्हणाला, "भैया, माताजी का कागज़ न होता तो ज़्यादा होती।" मी विश्वास ठेवला नाही. आजही ठेवत नाही. कचहरीच्या पायऱ्यांवर मी बहनजींना अडवलं. "तुम्ही त्याला आत पाठवलंत!"

"असेलही," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून चालू लागल्या. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या दारावरून जाताना दिसल्या की मी मान फिरवायचो.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी मी मधूला सांगितलं. अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसं. वाटलं होतं, माझ्यासारखीच त्याच्याही मनात अढी असणार.

"काहीतरीच काय, दादा!" तो म्हणाला. "मागच्या वेळी आल्या तेव्हा चांगल्या होत्या की."

त्या येत होत्या. मला कुणी सांगितलंच नव्हतं. निकाल ऐकताना डोळ्यांतून टिपूस न काढलेला माझा भाऊ जाळीला कपाळ टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.

बहनजींशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यात मधू माझ्या बाजूला नाही.