वरची लाल ओळ

आई गेल्यापासून अबोला धरलेल्या धाकट्या भावाकडं मी नांदेडहून लातूरला निघालो होतो. एसटीत शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यात खिडकीबाहेरची सोयाबीनची शेतं तरंगत होती, आणि त्यांच्यावर लाल ओळी. खालच्या ओळी तळहातानं झाकून ती फक्त वरची पुटपुटायची.

“एवढ्या चुका, पोरी?”

“न्हाई आजोबा, एकच हाय. प्रोग्राम तपासणारा कंपायलर लई बडबड्या. एकाच चुकीपायी ओळीवर ओळी सांगून राहिलाय. वरची धरायची.”

तिनं काहीतरी बदललं. लाली विरली, नुसती शेतं उरली.

भावानं दार उघडलं, तेव्हा रस्ताभर जुळवलेल्या सबबी मी गिळल्या.

“आई गेल्याचा निरोप तुला मी धाडलाच नव्हता. लोकांना मात्र सांगितलं, कळवूनही तू आला नाहीस.”

तो दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, “दादा, चपला आत काढ.”