पाहुणचारात कुजलेली मुळं

मुलांनो, काल फोनवर आजोबांच्या अँथुरियमच्या फुलझाडांची चौकशी केलीत, म्हणून आमच्या पॉलिहाऊसवाल्या शेजाऱ्याबद्दल लिहिते. पाहुण्याला तांबडा रस्सा वाढावा तसा तो झाडांना पाणी घालतो. पाहुणा निदान ताटावर हात तरी आडवा धरतो. गॅलरीत ऊन फार, म्हणून त्याच्याकडे ठेवलेल्या आजोबांच्या बहुतेक कुंड्या मुळं कुजून गेल्या. उरलेली एक मी मातीत बायोचार, म्हणजे झाडांसाठीचा सच्छिद्र कोळसा, मिसळून पुन्हा भरली.

“काकू, झाडाला कोळसा चारताय व्हय?” म्हणत त्याने लगेच कुंडीत पाण्याचा पाईप सोडला. यावेळी पाणी तुंबलं नाही, खालून निघून गेलं.

आता तिला फूल आलंय. गिऱ्हाइकांना तो सांगतो, “आमच्या पाण्याचा गुण हाय की!”

तो अजून पाणी घालतोच, आणि आजोबांची तेवढी एक कुंडी जिवंत आहे.