दगड उलटून पाहणारे डॉक्टर

आमचे नदीचे डॉक्टर पाण्यातला दगड उचलायचे, उलटून बघायचे आणि होता तसाच, त्याच तोंडानं परत ठेवायचे. एकदा मी एक दगड नुसता भिरकावला, तर म्हणाले, "महादेवराव, तुमचं घर कोणी असं फेकलं तर?" दगडाला चिकटलेल्या बारीक अळ्यांची ते खानेसुमारी करत. ढाणकीच्या बाजारात मी सांगायचो की पैनगंगेतली प्रत्येक शिंपली डॉक्टरांना नावानं ओळखते आणि ते पाण्यात उतरले की मासे उठून उभे राहतात. निम्मे लोक विश्वास ठेवायचे. उरलेले पाहायला यायचे.

डॉक्टर ते औषधाचे नव्हेत, पाण्यातल्या जिवांचा अभ्यास करणारे; महिन्यातून एकदा यवतमाळहून एस.टी.नं येत, मांडीवर बाटल्यांची पेटी घेऊन. परत जाताना बाटल्यांत आमच्या नदीचं पाणी. कंडक्टर विचारायचा, "काहून डॉक्टर, यवतमाळात पाणी नाही भेटत का?" डॉक्टर गंभीरपणे म्हणत, "हे नाही मिळत." छप्पन साली राज्यांच्या हद्दी बदलून नदीचे दोन्ही काठ एका राज्यात आले, गावात भाषणं झाली. डॉक्टर म्हणाले, "माशांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही." हसले मात्र नाहीत. हसायचे ते फक्त अळ्यांकडे बघून.

त्यांना एकच गोष्ट शोधायची होती. उन्हाळ्यात पैनगंगेची धार नेमकी कधी तुटते, आणि मागे उरलेल्या डोहांत कोण किती दिवस जगतं. त्यासाठी काठच्या खडकावर फुटाइंचांची पट्टी रंगवली होती. रोज सकाळी ती वाचून वहीत लिहायचं काम माझं. "मी महिन्यातून एक दिवस असतो. उरलेले दिवस माझे डोळे तुम्ही," असं ते म्हणाले. मी ते गावभर सांगितलं. नदीवर मात्र रोज गेलो नाही. नदी काल होती तेवढीच आज असणार, त्यात बघायचं काय?

बायको चुलीपाशी बसून बघायची. "नदीवर न जाताच लिहून राह्यले? अन् तो बिचारा माणूस खरं समजून घेऊन जाते ना ते!"

"तुले काय समजते त्यातलं," म्हणत मी अर्धा इंच कमी करून टाकायचो.

चौथ्या उन्हाळ्यात मेहुण्याच्या लग्नाला महागावला गेलतो. आठ दिवसांच्या नोंदी मांडवातच भरल्या. धार चालू, धार चालू. परतलो तर डॉक्टर काठावर उभे, लग्नाचं त्यांना गावात कळलेलं. धार तुटलेली. त्यांच्या हातातल्या दगडावरचं शेवाळ पापडासारखं सुटत होतं. त्यांनी माझी वही मागून वाचली.

"हा निदान आठ दिवस कोरडा आहे, महादेवराव. याला लग्नाला जाता येत नाही."

"माफ करा डॉक्टर. मी नव्हतो इथं."

"आणि याआधी?"

त्यांनी पेटीतून मागच्या वर्षांच्याही वह्या काढल्या, पेन्सिल दिली. "ज्या दिवशी नदीवर गेला नव्हता, त्या दिवसावर फुली मारा. माझी दया येऊन कमी मारू नका."

आठांवर थांबता आलं असतं. थापा मारणं माझ्या हातचा मळ. का थांबलो नाही, कोण जाणे. दुपार टळेपर्यंत फुल्या मारत होतो. शेवटी तर बिनफुलीचे दिवस शोधावे लागले. डॉक्टरांनी एकेक पान उलटलं. "चार वर्षं गेली," म्हणाले, कोणी ऊन उतरलं म्हणावं तसं. मग विचारलं, "बस किती वाजता आहे?" मी सांगितली. खरी वेळ.

ते परत आले नाहीत. दोन वर्षांनी टपालानं एक पातळ इंग्रजी पुस्तिका आली. ती हेडमास्तरांनी चार लोकांत वाचून मराठीत सांगितली. जिल्ह्यातल्या बाकी नद्यांवर पानंच्या पानं. पैनगंगेवर एक ओळ: हिची धार कधी तुटते, हे खात्रीनं सांगता येत नाही. शेवटी आभार होते. नोंदींतल्या चुका स्वतः दाखवून दिल्याबद्दल. पुढं माझं पूर्ण नाव.

"इंग्रजीत नाव छापून आलं राजेहो! पेढे आणा," हेडमास्तर ओरडले.

आणले. गावभर वाटले. बायकोनं एक माझ्या हातावर ठेवला. "खा ना. काहून बसले असे?"

खाल्ला. गोड असेलच. मला काही तसा लागला नाही.