विमलताईंनी पाटी झाकली नव्हती

विमलताई नवऱ्याला अरेतुरे करायच्या आणि गाडीला अहोजाहो. 'अरे पाटणकर, दूध संपलंय' हे जितक्या सहज, तितक्याच अदबीने खाली पार्किंगमध्ये, 'चला बाईसाहेब, उशीर झाला.' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फिस्सकन हसले. त्या मुळीच ओशाळल्या नाहीत. 'हसू नकोस. नवरा मला एका कांदेपोह्यात मिळाला. ही मिळवायला किती वर्षं घासलंय, तुला काय माहीत!'

ते खरंच होतं. दुबईचं लायसन्स काढताना त्या इतक्यांदा नापास झाल्या होत्या की आकडा त्यांनी मोजणंच सोडून दिलं होतं. परीक्षक बाई गाडीत बसली की यांचा पाय थरथरायचा. पास झाल्या तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. त्या दिवशी जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. माझ्या लेकीने, इराने विचारलं, 'आंटी, हूज गेटिंग मॅरीड?' तर म्हणाल्या, 'मीच गं, गाडीशी.'

तेव्हापासून त्यांच्या नावावर एकही दंड नव्हता. मूळच्या सांगलीच्या, त्यामुळे आवाज खणखणीत आणि मत त्याहून. खासगी पार्किंगवाल्यांची नोटीस आली की टॉवरमधली मराठी मंडळी आधी त्यांच्याकडे धावत. मोकळी रेती दिसली की गाडी लावा, ते दिवस गेले. आज रेती असते तिथे उद्या बोर्ड लागतो, परवा कॅमेरा, आणि तेरवा मोबाइलवर मेसेज. ताई चष्मा लावून मेसेज वाचायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, 'खरं सांगा, चूक तुमची आहे का?' नसली तर त्या कंपनीला तक्रारीवर तक्रार करून जेरीस आणत. असली तर मात्र खैर नसे. समोरच्या घरातले जोशी एकदा 'फक्त पाच मिनिटं जास्त झाली हो' म्हणत आले. ताईंनी खोदून खोदून काढलं की साहेब निवांत बिर्याणी खात बसले होते. 'मग कॅमेऱ्याने काय तुमची बोटं चाटून होईस्तोवर थांबायचं? मुकाट्याने भरा!' जोशींनी भरले.

माझा आजार निघाला तेव्हा मिलिंद, माझा नवरा, अबूधाबीला खलिफा सिटीत साइटवर होता. पहाटे जायचा, रात्री यायचा. त्याची सगळी रजा ऑपरेशनमध्येच संपली होती. पुढे दर मंगळवारी केमो. पहिल्या वेळी मी टॅक्सीने परत आले. वाटेत उलट्या झाल्या. ड्रायव्हर भला होता, एक शब्द बोलला नाही, पण परक्या माणसाच्या गाडीत ती शरम, तो वास... घरी आल्यावर मी सांगून टाकलं, टॅक्सीने पुन्हा जाणार नाही. मेले तरी चालेल. मी हट्टी आहे, आणि त्या दिवसांत तर घाबरलेली हट्टी होते.

ताईंनी काहीच विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी दारात उभ्या. 'चल. बाईसाहेब खाली थांबल्यात.' तेव्हापासून तोच नेम झाला. हॉस्पिटलच्या दारात टॅक्सीशिवाय गाडी थांबू देत नसत, म्हणून तळघरात लावायची, तिथल्या लिफ्टने थेट केमोच्या वॉर्डात. सलाइन संपेपर्यंत त्या शेजारी बसून मला सांगलीच्या सगळ्या नातेवाइकांची भांडणं रंगवून सांगत. मला उन्हात चालायची परवानगी नव्हती, आणि सुई काढल्यावर ताकदही नसायची. त्या मला लिफ्टमधून गाडीत आणून अलगद बसवत आणि मांडीवर प्लॅस्टिकचा डबा ठेवत. 'उलटी आली तर बिनधास्त कर. बाईसाहेबांना किळस नाही.'

त्या वर्षी दसरा नेमका मंगळवारी आला. ताई आदल्या दिवशी करामाच्या भारतीय बाजारात जाऊन झेंडू घेऊन आल्या होत्या. सकाळी गाडीची पूजा, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू आणि पुढच्या बाजूला भलामोठा हार. 'दरवर्षी छोटा असतो,' त्या म्हणाल्या, 'यंदा तू बसतेस ना.' मला भरून आलं. मी म्हटलं, 'ताई, वरात वाटतेय.' तशाच गेलो आम्ही केमोला.

वाटेत हार सैल होऊन खाली घसरला आणि नेमका नंबरप्लेटवर जाऊन बसला. आम्हाला पत्ता नाही. हॉस्पिटलच्या तळघराचं पार्किंग एका खासगी कंपनीकडे होतं. फाटक त्या दिवशी बिघडल्याने उघडंच होतं, सगळी भिस्त कॅमेऱ्यावर. कॅमेऱ्याला झेंडू दिसला, नंबर दिसला नाही. परत आलो तर काचेवर नोटीस. पैसे चुकवण्याच्या हेतूने नंबरप्लेट झाकली, असं इंग्रजीत ठणकावून लिहिलेलं. दंड भरेपर्यंत या गाडीला पुन्हा आत यायला फाटक उघडणार नाही, हेही.

ताई ते वाचत उभ्या राहिल्या. मग हळूच हार काढून मागच्या सीटवर ठेवला. 

'चारशे दिरहॅम. नऊ-साडेनऊ हजार रुपये झाले,' मिलिंद रात्री म्हणाला, 'आपण भरू या ना, ताई.' इराही म्हणाली, 'जस्ट पे इट ना, आई.' ताई मिलिंदवर उखडल्या. 'पैशाचं कोण बोलतंय? मी लबाडी केली असं लिहिलंय त्यांनी! भरले म्हणजे कबूल केलं. मी? मी पाटी झाकेन?' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

तक्रार केली, फोटो पाठवले. उत्तर छापील आलं. मग सोमवारी आम्ही रास अल खोरला कंपनीच्या ऑफिसातच गेलो. मी येऊ नये असं सगळ्यांनी सांगितलं, पण ऐकते कोण! डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, मी ताईंच्या मागे खुर्चीत. आजूबाजूला गॅरेजांची ठाकठोक. काउंटरवर एक तरुण पाकिस्तानी मुलगा होता, सभ्य वाटला. ताईंनी त्याला दसरा समजावला, झेंडू समजावला, हार कसा घसरला ते हाताने करून दाखवलं. तो सगळं ऐकून म्हणाला, 'आंटी, मैं मानता हूँ. मगर सिस्टम नहीं मानता. अपील डालिए, तीन-चार हफ्ते में जवाब आएगा, इन्शाल्ला.'

'तब तक गाडी अंदर जाएगी?'

'नहीं आंटी. तब तक ब्लॉक है. अभी खलास करना है तो पैसा भरिए और बोलिए कि आपने प्लेट ढकी थी.'

ताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. उद्या मंगळवार होता. मी मान हलवून 'नको, नको' म्हणत होते. टॅक्सीने जाईन असंही म्हणाले. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. पर्स उघडली, कार्ड काढलं, आणि त्या मुलाच्या डोळ्यांत बघून, शाळेत उत्तर द्यावं तसं स्पष्ट म्हणाल्या, 'हाँ. मैंने ढकी थी.'

गाडीत बसल्यावर मी रडायला लागले. 'ताई, तुम्ही खोटं का बोललात?'

'बोलले. मग?' नाक शिंकरत त्या म्हणाल्या. 'तुला उद्या सुई लागली पाहिजे. माझ्या नावाचं काय गं, ते मी बघेन. डोळे पूस आधी.' पण त्यांचेही वाहत होते, आणि पुढे बराच वेळ त्या गाडी सुरूच करू शकल्या नाहीत.

माझे सगळे मंगळवार पार पडले. नंतर पाटणकर रिटायर झाले, दोघं सांगलीला गेले. तिथे गेल्या थंडीत ताई झोपेतच गेल्या. फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, तशीच जमिनीवर बसले.

पुढच्या आठवड्यात मी रास अल खोरला गेले. का, ते मिलिंदलाही सांगता आलं नाही. काउंटरवर तोच मुलगा होता, आता जरा पोट सुटलेलं. मी म्हटलं, मागे एका आंटींनी प्लेट झाकल्याचं कबूल केलं होतं, ते खोटं होतं. त्यांनी झाकली नव्हती. तेवढं बदला.

तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, 'बाजी, वो केस तो कब का क्लोज हो गया. अब कुछ नहीं बदलेगा.'

'मालूम है. सिर्फ सुन लीजिए.'

त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या केसांकडे पाहत चाचरत म्हणाला, 'उनके पीछे एक बीमार औरत बैठी थीं, सर पे रुमाल बाँधे. आंटी उन्हीं के लिए झूठ बोली थीं, मैं उसी दिन समझ गया था. वो बचीं क्या?'

 मी नुसती हात जोडून त्याच्यासमोर उभी राहिले.